त्रेचाळीस ‘नाहीतर’

“एक कीबोर्ड बडवते, दुसरा मुंडी खाली घालून बसतो. आन् चहा गार झाला का मलाच बोलनार,” मेघालीच्या खुर्चीमागे फडकं मारता मारता गुणाबाई पुटपुटली.

मेघालीनं ऐकलं. पण आजचा सगळा राग तिनं मितेशसाठी राखून ठेवला होता.

ती दोन दिवस रजेवर काय गेली, यानं तिचा कोडच उडवला होता. गोदामाच्या गेटवरून ड्रायव्हर मोबाइलवर एक शब्द पाठवायचे – ‘पोच’, ‘वजन’, ‘परत’ – आणि प्रोग्राम पुढचं काम करायचा. शब्द ओळखायला मेघालीनं एकाखाली एक त्रेचाळीस ‘जर-नाहीतर’ लिहिले होते.

“विचारायची रीत न्हाय तुझ्याकडं?” तिनं मितेशला विचारलं.

“विचारणार होतो...” मितेश म्हणाला. “पण मधे एक नवा शब्द घुसवला, तर ‘पोच’ बंद पडला. निम्म्या गाड्या गेटवर अडकल्या. म्हणून प्रत्येक शब्दाचा कोड सुटा करून त्याला वेगळा क्लास दिला. बाहेर फक्त एक यादी. शब्द आला की यादीत बघायचं आणि ज्याचं काम त्याच्याकडे द्यायचं. आपला किल्ल्यांचा बोर्ड आहे ना, तसं. नवी किल्ली आली की नवा खिळा. बाकीच्यांना हात लावायचा नाही.”

तिनं फायली उघडल्या. काम देखणं होतं. म्हणूनच ती आणखी चिडली. त्यात प्रत्येक क्लासच्या डोक्यावर, लिहिणाऱ्याच्या जागी, त्यानं तिचंच नाव ठेवलेलं.

“हे कशाला? माझा निरोप समारंभ?”

गुणाबाईचं फडकं थांबलं. मेघालीला पुण्याच्या नोकरीला आज पाचपर्यंत होकार कळवायचा होता. सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं. साडेचार होऊन गेले होते.

मितेशनं चष्मा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

“म्हणजे... जर तुला पुणं आवडणार असेल, तर जा. नाहीतर... जर इथं पगार वाढला, आणि जर तुझ्या घरचे... नाहीतर मग –”

“गप.” मेघाली उभी राहिली. “माझे त्रेचाळीस उडवलेस ना? मग तुझ्या तोंडात अजून तेच कसे? दोन वर्षं ऐकतेय. माझ्या डब्यातली सुकट खाताना कुठं जातात रे तुझे ‘जर’? एकदा तरी सरळ बोल.”

खाली ट्रकनं हॉर्न दिला. मितेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“थांब,” तो म्हणाला. “जाऊ नकोस.”

“का?”

“प्रेम आहे माझं तुझ्यावर.”