ओढायला जोर लागत नाही

तुमची मावशी सणासुदीला बोलावते आणि मी जायचं टाळतो. का, ते तुम्ही कधीपासून विचारताय. आज सांगतो. पण हळू बोला, वर आजीचा नुकताच डोळा लागलाय, आणि यातला एक शब्दही तिच्या कानावर जाता कामा नये.

हे घडलं माझ्या साडूच्या बाबतीत, म्हणजे मावशीच्या नवऱ्याच्या. माणूस थापाडा आहे, मान्य. पण थापाड्या माणूस स्वतःचीच लाज निघेल अशी थाप मारत नाही.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शुक्रवार. काम साधं होतं. एका घरी जायचं, एक यंत्र परत आणायचं.

यंत्र कसलं, ते आधी ऐका. साडू छातीच्या दवाखान्यात तंत्रज्ञ. तिथे श्वासाचा व्यायाम देणाऱ्या एका नव्या यंत्राची चाचणी चालली होती. उभी पारदर्शक नळी, तिच्यात निळी गोळी, आणि तोंडात धरायला एक रबरी नळी. श्वास आत ओढला की गोळी वर चढायची. आत घट्ट स्प्रिंग, म्हणून ओढायला जोर लागायचा, आणि त्या जोराने थकलेली छाती बळकट होते असा डॉक्टरांचा अंदाज. आता गुण यंत्राचा की मनाच्या समजुतीचा, हे कळायला नको? म्हणून निम्म्या पेशंटना खरं यंत्र आणि निम्म्यांना हुबेहूब तसंच, पण बिनस्प्रिंगचं. कुणाला कुठलं, ते कॉम्प्युटर ठरवणार. पेशंटना हे सगळं समजावून सांगितलेलं होतं, त्यात लबाडी नव्हती. आपल्या वाट्याला काय आलंय हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. माहीत फक्त स्प्रिंगा बसवणाऱ्याला. म्हणजे आमच्या साडूला.

त्या चाचणीत तुमची आजी होती. तेव्हा ती मावशीकडेच राहायची, तिलाही दम लागायचाच. तिच्या नावाने खोका निघाला तो बिनस्प्रिंगचा. शेजारच्या खुर्चीवर एक रंगारी बसला होता. जन्मभर भिंती घासून छातीचं पोतेरं झालेलं. त्याचा खोका निघाला खरा. साडूने दोन्ही उचलून आत नेले, वरच्या नावांच्या चिठ्ठ्या बदलल्या आणि बाहेर आणून दिले. घरच्या माणसासाठी केलं, असं तो म्हणतो.

आजी सुधारली. तुम्ही बघताच आहात.

रंगाऱ्याने मात्र महिन्याभरात फोन केला. म्हणाला, साहेब, ओढायला जोरच लागत नाही, काही बिघडलंय का? साडूने त्याला सांगितलं, जोर लागत नाही म्हणजे तुमची छाती सुधारतेय, करत राहा. तो बिचारा करत राहिला. पुन्हा फोन केला, पुन्हा हेच उत्तर. नोव्हेंबरात गेला. खऱ्या यंत्राने वाचला असता का, ते देव जाणे. पण तो प्रश्न वाचलेल्याने विचारायचा नसतो.

चाचणी संपली, यंत्रं गोळा करायची होती. रंगाऱ्याची बहीण दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची, रात्रीच घरी सापडायची. म्हणून साडू जेवणवेळ टळल्यावर पोचला.

बाईने दार उघडलं. बसा म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. मागच्या खोलीकडे बोट केलं. तुम्हीच आणा, मी त्या खोलीत जात नाही, एवढं बोलली आणि टीव्हीचा आवाज वाढवून पाठ फिरवून बसली.

साडूने मागची खोली उघडली, दिवा लावला. भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले ब्रश. टर्पेंटाइनचा वास. फरशीवर अजून वर्तमानपत्रं पसरलेली. खाटेशी स्टूल, स्टुलावर यंत्र. काम झालं, असं त्याला वाटलं.

मग त्याने गोळी पाहिली.

गोळी वर होती. नळीच्या अगदी टोकाला.

अडकली असेल. त्याने टिचकी मारली. हलली नाही. यंत्र उचलून जोरात हलवलं. गोळी जिथल्या तिथे. त्याने रबरी नळी हातात घेतली. तोंडाकडची बाजू ओली होती.

आणि गरम.

तेव्हा त्याला तो आवाज कळला. इतका वेळ तो टीव्हीचा समजत होता. कुणीतरी श्वास ओढत होतं. ओढतच होतं. माणूस ओढतो, थांबतो, सोडतो. हा थांबत नव्हता.

फरशीवरचं वर्तमानपत्र सरकलं. खाटेकडे. मग दुसरं.

त्याच्या पाठीमागे दार लागलं. धाडकन नाही. हळूच… आत ओढून घेतल्यासारखं.

साडूने श्वास घ्यायला तोंड उघडलं. श्वास आला नाही. खोलीत हवा होती, वास येत होता, पण छातीत काही शिरेना. उलट जे होतं तेही निघायला लागलं. गुडघे टेकले. डोळ्यांपुढे काळं. खाटेवर कुणीच नव्हतं, फक्त गादी मधोमध दबलेली. बसल्यासारखी.

"जोर लागत नाही, साहेब."

फोनवरचाच आवाज. तितकाच अदबशीर. अदब होती म्हणूनच जास्त भीती वाटली, म्हणतो.

"बदललं…" साडूच्या तोंडून कसंबसं निघालं. "मी… बदललं."

गोळी वरच.

"कुणाला दिलंस?"

आता अदब नव्हती.

"सासूला…"

ओढणं चालूच. साडूचे ओठ निळे पडत होते. मग अगदी कानाशी…

"राहते कुठे?"

पोरांनो, तो गप्प बसू शकला असता. माणूस मरतानाही गप्प बसू शकतो. त्याने सांगितलं. गल्ली सांगितली. इमारत सांगितली. मजला सांगितला. तिची खाट कुठल्या खिडकीशी आहे, तेही सांगितलं. तेवढं कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

टक्.

गोळी खाली पडली.

श्वास आला. दार ढकललं तर उघडंच होतं. यंत्र तिथेच टाकून तो बाहेर पळाला. बाईने मान वळवली नाही. तिने टीव्ही बंद केला आणि विचारलं, "बोलला?"

साडू पायाने चपला शोधत होता.

"मिळालं ना त्याला हवं ते? मग आता मला झोप लागेल. या तुम्ही."

तिथून तो घरी गेला नाही. गाडी काढून थेट आपल्याकडे आला, पहाटेच्या सुमारास. सगळं सांगून माझे पाय धरले. मी म्हटलं, तुझा श्वास कोंडला तर तू म्हातारीला पुढे केलंस? मी त्याच पावली निघालो आणि आजीला इथे घेऊन आलो. हवापालट म्हणून सांगितलं. तिला ते खरं वाटलं, मावशीलाही वाटलं. त्या घराची पायरी मी त्यानंतर चढलो नाही. तिथे आजपर्यंत काही झालंही नाही. ना आवाज, ना काही. मला वाटलं, पत्ता चुकला. सुटलो.

आपला पत्ता साडूने त्याला दिलेला नाही. शपथेवर सांगतो म्हणाला, आणि यात मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, कारण तेव्हा आजी इथे नव्हतीच.

आता तुम्ही दोघांनी आज आजीच्या खोलीत झोपायचं आहे, पाळीपाळीने एकाने जागं राहून तिचा श्वास ऐकायचा. ते का, तेवढं ऐका आणि वर जा.

आज दुपारी मी तिला औषध द्यायला गेलो. ऊन मी म्हणत होतं, बाहेर बघवत नव्हतं. आजी झोपली होती. तिच्या उशाशी खिडकीची काच आहे ना, तिच्यावर एक गोल वाफ धरली होती. तोंडाएवढी. थंडीत आपण काचेवर तोंडाने हाऽ करतो, तशी. आजीने केली असेल म्हणून मी फडक्याने पुसली.

पुसली जाईना.

वाफ बाहेरून होती. त्या बाजूला सरळ भिंत आहे. ना गॅलरी, ना पाइप, ना पाय ठेवायला जागा.

मी बघत उभा राहिलो. वाफ विरली. काच स्वच्छ झाली.

मग पुन्हा धरली.