सतरा नंबरच्या कॉटला सुट्टी

सतरा नंबरच्या कॉटवरचा म्हातारा सकाळी थंडगार सापडला. कॉम्प्युटरच्या मते मात्र तो आदल्या संध्याकाळीच बरा होऊन घरी गेला होता.

'क१७' च्या जागी 'घरी गेले'. इन्स्पेक्टरबाईंनी स्क्रीनवर वाचलं. गेले होते खरे. पत्ता तेवढा चुकला होता.

रात्रपाळीच्या सिस्टरला कोपऱ्यात बसवलं होतं. बाहेर पोलिसांची गाडी तिच्यासाठीच उभी होती.

"हृदयाचं औषध का नाही दिलंत?"

"कॉम्प्युटर सांगेल तसे ट्रे येतात, बाई. यांचा आलाच नाही. वाटलं, डॉक्टरांनी बंद केलं."

"विचारलंत?"

"नाही." तिने मान खाली घातली. "बरे होत होते हो! घरी गेलो की आधी जावयाला हाकलतो म्हणायचे."

जावई हॉस्पिटलचाच कॉम्प्युटरवाला. कोरड्या रुमालाने कोरडे डोळे पुसत शेजारीच उभा होता.

"जावईबापू, हे झालं कसं?"

"सुट्टी मिळालेल्या कॉटचा नंबर मी व्हेरिएबलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमधल्या रिकाम्या जागेत, घालतो. स्क्रिप्ट म्हणजे छोटा प्रोग्रॅम, तो नंबर यादीत शोधून त्या जागी 'घरी गेले' घालते. काल खासगी खोलीतल्या 'क.७' ला सुट्टी होती. पण शोधताना टिंबाचा अर्थ होतो, इथे कुठलंही एक अक्षर चालेल! म्हणून 'क१७' पण जुळलं. टिंबाने घात केला, बाई."

"टिंबाची ही खोड कधी कळली?"

"आज सकाळीच. आईशप्पथ."

"टिंबाला बेड्या घालणं अवघड आहे," बाई म्हणाल्या. "सासरे सतरावर कधीपासून?"

"काल दुपारपासून. आधी तेरावर होते. तिथे गोंगाट फार, म्हणून मीच हलवायला लावलं."

"गोंगाट?" सिस्टरने मान वर केली. "सतरा संडासाला लागून आहे. रात्रभर दार आपटतं."

बाई स्क्रीनकडे वळल्या.

"परवाची स्क्रिप्ट उघडा," बाई म्हणाल्या.

जावयाने कीबोर्ड ओढला. परवाची उघडली, मग त्याआधीची.

"व्हेरिएबलच्या दोन्ही बाजूंना ही खूण कसली? कालच्यात दिसत नाही."

"ते... टिंबाला नुसतं टिंबच समजावं, म्हणून..."

"म्हणजे कुंपण. रोज घालत होतात. कुंपण घालणाऱ्याला बैल ठाऊक असतो, जावईबापू, आणि तुम्ही म्हणता आज सकाळी कळलं! जनरल वॉर्डात कॉट वीसच. 'क.७' मोकाट सुटलं तर सापडणार एकच, सतरा. दुपारी सासऱ्यांना तिथे आणून निजवलंत, संध्याकाळी कुंपण काढलंत. ते घरी आले असते, तर तुम्ही रस्त्यावर."

जावई खुर्चीत बसला. रुमाल आता खरोखरच ओला होत होता, पण घामाने.

"गाडीत यांना बसवा," बाईंनी शिपायाला सांगितलं. मग सिस्टरकडे वळल्या. "तुम्ही सुटलात. पण विचारायला हवं होतं."

"त्यातून नाही सुटणार, बाई."

सिस्टर उठली आणि पाळी संपलेली असूनही वॉर्डात शिरली. पहिल्या कॉटवर वाकून तिने विचारलं, "काका, रात्रीचं औषध मिळालं का?" मान हलेपर्यंत ती पुढच्या कॉटकडे सरकली नाही.