गुडघ्यांना सोयीची गाडी

"गाडी ठरवली, मावशी. उंचवालीच घेतोय... तुझ्या गुडघ्यांना सोयीची."

भाचा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हे म्हणाला, तेव्हा मावशी त्याच्याकडे पाठ करून भांडी पुसत होती. हातातली थाळी कोरडी झाली होती तरी ती पुसतच राहिली. "बरं झालं," एवढंच ती म्हणाली. तो थोडा वेळ घुटमळला, पाणी प्यायला आणि आपल्या खोलीत निघून गेला.

तो गेल्यावर मात्र तिने थाळी ठेवली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. इतके दिवस ती स्वतःची समजूत घालत होती, की त्या दिवशी शोरूममध्ये जे झालं ते त्याच्या लक्षातच आलं नसेल, गाड्यांच्या नादात त्याच्या कानांवर काही पडलंच नसेल... आणि आज या एका वाक्याने तो आधार काढून घेतला. गेले कित्येक महिने जेवताना, दाढी करताना, बुटांच्या नाड्या बांधताना जो मुलगा त्या दुसऱ्या, लहानशा लाल गाडीचे गोडवे गात होता, त्याला एकाएकी तिचे गुडघे आठवले होते. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं.

ही त्याच्या आईची धाकटी बहीण. मोठी बहीण गेली आणि तिचा नवरा तिच्याआधीच गेलेला, तेव्हा हा चार वर्षांचा गोल गरगरीत गोळा तिच्या पदरात आला. तिचं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी फार सभ्यपणे विचारलं, की पोराची सोय दुसरीकडे कुठे होईल का? तिनेही तितक्याच सभ्यपणे सांगितलं, की होणार नाही. आणि तो विषय तिथेच मिटला. मग ती बेकरीत भट्टीवर कामाला लागली. पहाटे उठून पावांचे तापलेले पत्रे ओढायचे आणि दुपारी घरी येऊन त्याचा अभ्यास घ्यायचा. तिने त्याचं नाव भोपळ्या ठेवलं होतं. पुढे तो ताडासारखा वाढला, काडीसारखा वाळला, आर्किटेक्ट झाला, तरी घरात तो भोपळ्याच राहिला, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

नोकरी लागून थोडं स्थिरस्थावर झाल्यावर गाडीचा विषय निघाला. त्याची कामं डोंगरउताराच्या कच्च्या रस्त्यांवर चालत, सोबत नकाशांच्या गुंडाळ्या आणि पुठ्ठ्याची नाजूक मॉडेलं न्यावी लागत. त्या हिशेबाने ती उंच, चौकोनी, कपाटासारखी गाडी योग्य होती. पण जीव जडला होता लाल गाडीवर. तिचा गिअर म्हणे लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो, वळणावर ती म्हणे रस्ता सोडतच नाही. मावशीने चित्र पाहून विचारलं होतं, की यात बसताना डोकं बाहेर काढून ठेवायचं का? दोघं पोट धरून हसले होते. आणि त्यानेच हट्ट धरला होता, की तू बसून बघितल्याशिवाय मी कुठलीच गाडी घेणार नाही, तू यायलाच हवं.

म्हणून तर ती गेली. कामाची पाळी संपवून बेकरीतून थेट गेली, कारण कपडे बदलायला घरी गेली असती तर त्याची वेळ चुकली असती. केसांच्या कडेला मैदा होता. हातांवर भट्टीचे जुने-नवे चट्टे होते, ते तर रोजचेच.

शोरूम थंडगार होतं आणि फरशी अशी चकचकीत, की पाऊल टाकताना संकोच वाटावा. विक्रेता गोड बोलणारा होता; उंच गाडीच्या डिकीत अख्खा संसार मावेल, असं म्हणून त्याने झाकण उघडून दाखवलं. मावशी आता आत बसून बघणार, एवढ्यात काचेचं दार ढकलून एक मुलगी आत आली. ती त्याच्या ऑफिसातली मैत्रीण. जिचं नाव घरात जरा जास्तच वेळा निघायचं, तीच ही, हे मावशीने तिला पाहताच ओळखलं, कारण भाच्याचे कान लाल झाले होते. तू आज गाडी बघणार होतास ना, म्हणून मीही आले, असं ती हसत म्हणाली. आणि मग मावशीकडे बघून तिने नुसत्या भुवयांनी विचारलं, या कोण?

"या... मावशी," तो म्हणाला.

शब्द खरा होता. पण तो त्याने असा ठेवला, जशी एखादी नको असलेली वस्तू माणूस हळूच बाजूला ठेवतो. घरोघरी कामाला येणाऱ्या बाईलाही लोक मावशीच म्हणतात. मैत्रिणीने तेच समजून घेतलं, विक्रेत्यानेही तेच. मैत्रीण वाईट नव्हती. तिने आदराने मान लवून आपली पर्स आणि छत्री पुढे केली, म्हणाली, "मावशी, जरा धराल?" विक्रेत्याने पाण्याच्या यंत्राजवळचं स्टूल दाखवलं. तुम्ही इथे बसा, म्हणाला, साहेब गाडी चालवून बघेपर्यंत. मावशीने भाच्याकडे पाहिलं. ही माझ्या आईची बहीण, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो! त्याने ओठ उघडले, पुन्हा मिटले, आणि तो लाल गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला.

स्टुलावर बसून मावशीने पर्स मांडीवर घेतली. समोर एका काळ्या गाडीच्या दारात तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं, पसरट, वाकडं, केसांत मैदा असलेलं. तिने पाय स्टुलाखाली ओढून घेतले, चपला दिसू नयेत म्हणून.

दोन-तीन गाड्यांत बसून बघितल्यावर मैत्रीण शेजारी येऊन उभी राहिली, काहीतरी बोलायचं म्हणून बोलू लागली. मावशी, किती वर्षं आहात यांच्याकडे, असं तिने विचारलं.

"तो चार वर्षांचा होता तेव्हापासून," मावशी म्हणाली.

"मग आईसारखंच केलं असेल तुम्ही."

"केलं थोडंफार."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि खरंही काही नव्हतं. त्याचं गुपित राखलं जावं, त्याची मान खाली जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. लाल गाडी परत आली, तो उतरला तो हसत हसतच. लहानपणी झोपाळ्यावरून उतरताना तो असाच हसायचा, सगळे दात दाखवत. ते हसू पाहून तिचं अंतःकरण क्षणभर सगळं विसरलं. तेवढ्यात मैत्रीण तिला म्हणाली, आमच्या आईला दिवसभर सोबतीला अशीच एखादी मायेची बाई हवी आहे, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर सांगाल का? भाच्याचं हसू मावळलं. तो खाली वाकून चाक बघू लागला. नव्या कोऱ्या गाडीच्या चाकात बघण्यासारखं काय असतं?

"सांगते," मावशी म्हणाली.

त्यानंतर घरात बोलणं उरलं ते भाजीत मीठ आणि दाराची किल्ली एवढ्यापुरतं. आणि आता ही उंच गाडी! तोंडाने न मागितलेली माफी त्याने चार चाकांवर उभी करायची ठरवली होती.

मावशीने मनाशी एक निश्चय केला. बेकरीच्या वर मालकाची एक खोली रिकामी होती. तिने ती मागितली आणि मालकाने आनंदाने हो म्हटलं. गाडी आली, की आपण हळूच तिकडे जायचं. पोर चांगल्या माणसांत चाललं आहे. त्याच्या दारात आपल्यासारखं कोडं उभं राहायला नको, जे त्याला दर वेळी कुणालातरी सोडवून सांगावं लागेल. आपण कुठे परक्या आहोत, पायी दहा मिनिटांवर तर असू... असं म्हणताना तिला रडू येई, आणि रडू आल्याची पुन्हा लाज वाटे.

गाडी आली ती सुट्टीच्या दिवशी, सकाळी. खालून हॉर्न वाजला, मागोमाग जिन्यात दोन पावलांचे आवाज आले. गाडी बघायला मैत्रीणही आली होती. मावशीने दार उघडलं, बाजूला झाली, आणि दोघं बसल्यावर ट्रेमध्ये पाण्याचे दोन पेले घेऊन बाहेर आली. आधी पाहुणीला दिला. मग त्याच्यापुढे ट्रे धरला.

"पाणी घ्या, साहेब," ती म्हणाली. "गाडी वरून बघितली. छान आहे तुमची गाडी."

घ्या. साहेब. तुमची.

ज्या तोंडाने त्याला आजवर अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती, ताप आला म्हणून दटावलं होतं, परीक्षेत पहिला आला म्हणून गाढवा म्हणत कुरवाळलं होतं, त्या तोंडून हे शब्द आले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. ती हे त्याच्यासाठी करत होती! त्याने तिच्याकडेच बघत पेला उचलला, तो कलंडून पाणी शर्टावर सांडलं, आणि मावशी सवयीने पदर पुढे करून ते टिपायला वाकली. मग थबकली, आणि दोन पावलं मागे झाली.

ती मागे झालेली पाहिली आणि त्याचा बांध फुटला.

"ही माझी मावशी आहे," तो मैत्रिणीला म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "माझ्या आईची सख्खी बहीण. हिने मला वाढवलं, माझ्यासाठी लग्न मोडलं. त्या दिवशी तू तिला पर्स धरायला दिलीस आणि मी गप्प बसलो. तुला कळलं नव्हतं. मला कळत होतं."

मैत्रिणीचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय काय बोललो, सोबतीच्या बाईचं कसं विचारलं, हे तिला आठवत असावं. ती उठली, मावशीच्या हातातला ट्रे तिने काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. माफ करा, एवढंच म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता ती दाराकडे गेली. मी निघते, तुम्हा दोघांना बोलायचं असेल, एवढं कसंबसं म्हणून जिना उतरून गेली.

तो खाली जमिनीवरच बसला, गुडघ्यांत डोकं घालून. मावशी खुर्चीवर टेकली. त्याला जवळ घ्यावं असं तिच्या हातांना वाटत होतं, पण तिने हात मांडीवरच ठेवले, कारण आज बोलली नसती तर ती पुन्हा कधीच बोलली नसती.

"तू मला ओळख दिली नाहीस, त्याचं दुःख झालं," ती सावकाश म्हणाली. "ते मी गिळलं असतं. पण त्या स्टुलावर बसून मी माझ्या चपला लपवल्या रे. या हातांची मला कधी लाज वाटली नव्हती, भोपळ्या. तू ती वाटायला लावलीस."

तो हुंदके देत होता. ही गाडी मी परत करतो, असं काहीतरी तो पुटपुटला.

"परत कशाला? ती तू माझ्यासाठी घेतलीच नव्हतीस. स्वतःला बरं वाटावं म्हणून घेतलीस. मला गाडी नको होती, राजा... एक वाक्य हवं होतं. ते आज दिलंस. उशिरा दिलंस, पण सगळं दिलंस."

मग तिचे हात आपोआप त्याच्या केसांत गेले. ती बेकरीवरच्या खोलीचं बोलून गेली, तेव्हा तो असा दचकून वर बघू लागला, की तिला चार वर्षांचं ते पोर आठवलं, जे रात्री जाग आली की आधी तिचा हात चाचपायचं. नाही जात, ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, नाही जात.

बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, तोंड धू, आणि चल, ती गाडी दाखव मला.

उंच गाडीत बसताना तिला खरंच वाकावं लागलं नाही. तो इतक्या हळू चालवू लागला, की मागचे लोक हॉर्न वाजवू लागले. प्रेतयात्रा आहे का ही, असं तिने विचारलं, आणि डोंगराकडच्या वळणांच्या रस्त्याने घ्यायला लावली. पहिल्या वळणावर तिने दाराची मूठ धरली. दुसऱ्या वळणावर गाडीचं ते कपाट चांगलंच कललं आणि तिच्या तोंडून किंकाळी निघाली, मग हसू. त्याने चोरून तिच्याकडे बघितलं, वेग थोडा वाढवला, आणि ही गाडी अगदीच ठोकळा नाही, हे त्याच्याही लक्षात येऊ लागलं. रडून सुजलेल्या डोळ्यांनी तो हसला. मात्र हसताना लगेच ओशाळला, जणू आज हसायचा आपल्याला हक्क नाही.

परतताना खालच्या बसथांब्यावर मैत्रीण दिसली. एकटी बसली होती. समोरून एक बस थांबून निघून गेली तरी ती उठली नव्हती. भाच्याने नजर चुकवून गाडी पुढे काढली असती, पण मावशीने थांब म्हटलं. तिने काच खाली केली.

"या, बसा मागे. घरी सोडतो तुम्हाला," ती म्हणाली.

मुलगी उभी राहिली, पण पुढे येईना. मी कुठल्या तोंडाने बसू, असं ती अगदी हळू म्हणाली.

"आम्ही बसलोय तसंच," मावशी म्हणाली. "आत ये."

ती आत आली. दार मिटलं, गाडी निघाली. तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला, मागे ती डोळे पुसत राहिली. पुढच्या वळणाशी आल्यावर मागून आवाज आला, मावशी, काच थोडी उघडू का?

"उघड गं," मावशी म्हणाली, आणि आपलीही काच तिने पूर्ण खाली घेतली.