तीन ठोके

शिरोड्याच्या वाचनालयात माझी एकतीस वर्षे पुस्तके लावण्यात गेली. माझ्या सांगण्यावरून कोणी काही केले, असे एकदाही घडले नाही. म्हणून त्या सकाळी माडाच्या खोडाला कान लावला आणि आतून करकर ऐकू आली, तेव्हा मला आनंदच झाला.

वाचनालयातल्या माडांच्या रोगांवरील पुस्तकात अगदी असेच लिहिले होते. सोंड्या भुंग्याच्या अळ्या माड आतून पोखरतात; कान लावला तर त्यांचे कुरतडणे ऐकू येते. फार पोखरलेला माड तोडून जाळावा, नाहीतर शेजारचेही जातात.

माड माझ्या थोरल्या बहिणीचा, हौसाअक्काचा. बावीस माडांवर तिचे घर चालते. विहिरीजवळचा हा तिच्या यजमानांनी, दाजींनी लावलेला. दाजी स्वतःच चढत. चढण्याआधी कोयत्याच्या पाठीने खोडावर तीन ठोके देत, खाली कोणी असेल तर बाजूला व्हावे म्हणून. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली.

"पुस्तक्या, नक्की ऐकाक येता मां तुका?" अक्काने विचारले.

"येता गो. ह्यो ठेवलो तर बाकीचे एकवीस जातले."

खोडावर छिद्र नव्हते, तांबूस रस गळत नव्हता. शिवाय करकर थांबली की आतून टक, टक, टक असे तीनदा वाजे. ते पुस्तकात नव्हते, म्हणून मी बोललो नाही. आयुष्यात एकदाच मला खात्री वाटत होती. ती मोडायची नव्हती.

अक्काने खोडावर हात फिरवला. मग म्हणाली, "तोडून टाक."

माडांवर चढून नारळ पाडणाऱ्या बाबूने दुपारी करवत चालवली. माड आडवा झाला. मी धावत जाऊन कापलेल्या तोंडावर बोट फिरवले. पांढरट, घट्ट, ओले. बाबूने खोडाचे चार तुकडे केले. एकही अळी नाही.

"काकानू, माडान तुमचा पुस्तक वाचूक नाय वाटता!" बाबू हसला आणि चहा प्यायला पडवीत गेला.

अक्काकडे बघवेना. मागे सरकत शेजारच्या माडाला टेकलो.

पाठीला करकर जाणवली.

मग तीन ठोके. या वेळी आतून नव्हे. खोडावर, माझ्या खांद्याशी.

"बाजूक हो!" अक्काने माझा दंड धरून मला खेचले. तिच्या आवाजात भीती नव्हती. लगबग होती.

मी उभा होतो तिथेच नारळ धप्पकन पडला.

आम्ही वर पाहिले. शेंड्यात कोणी नव्हते. बाबू पडवीत बशीतून चहा ओढत होता. कोयता त्याच्या कमरेला होता.

अक्काने नारळ उचलून पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. "आता ह्यो पण तोडतलंस?"

आपोआप गळलेल्या नारळाचा देठ सुकलेला असतो. याचा हिरवा होता, एका घावात तिरपा कापलेला. त्यातून अजून रस ठिबकत होता.