पाटी बंद पडू द्यायची नाही

हे घडलेलं आहे. माझ्याच घरात घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं, मी कुणाच्या पाया पडायला आलेली नाही. मी बँकेत नोकरी करते. अंगारे-धुपारे मी कधी मानले नव्हते.

आणि आधीच सांगते, यात अमावास्येची रात्र नाही. पिंपळ नाही, विहीर नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. देवासला, आमच्या कॉलनीत, २००७ च्या उन्हाळ्यात.

बाबा साताऱ्याकडचे. देवासच्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच होऊन गेले. आई जयवंती धारची. तिचं माहेर म्हणजे कधीकाळी संस्थानच्या कचेरीत असलेली जुनी मराठी मंडळी. माझा धाकटा भाऊ विपुल पीथमपुरला गाड्यांच्या एका कारखान्यात लागला होता. राहायचा धारला, आईच्या मामांकडे. त्यांचं नाव दत्तोपंत, आम्ही आजोबाच म्हणायचो. तिथून तो शिफ्टच्या बसनं कामावर जायचा आणि सुट्टीला देवासला यायचा.

या विपुलनं इंदूरहून एक सेकंडहँड पीडीए आणला होता. खिशात मावेल एवढा. सोबत काडीसारखं पेन. त्या पेनानं स्क्रीनवर लिहायचं, फोन त्यातच आणि इंटरनेटही त्यातच. आता तुम्हाला हसू येईल, पण तेव्हा आमच्या कॉलनीत कुणी खिशात इंटरनेट घेऊन फिरत नव्हतं.

एक पान उघडायचं म्हणजे तपश्चर्या. वरच्या कोपऱ्यात छोटा पृथ्वीचा गोल फिरत राहायचा आणि विपुल त्यावर डोळे लावून बसायचा.

"तुझं पान उघडेपर्यंत माझी अंघोळ होते बघ," बाबा चिडवायचे.

आई त्या यंत्राला पाटी म्हणायची.

"ठेव ती पाटी आणि जेव आधी."

"बस, स्कोर देखके ठेवतो गं आई."

तो असाच बोलायचा, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. शाळा हिंदी, त्यामुळे लिहायचा तर फक्त हिंदीच. तेही इंग्रजी अक्षरांत.

आईची एक सवय होती. घरातलं कुणी प्रवासाला निघालं की ती फोन करत राहायची. बाकी काही बोलणं नाही. एकच प्रश्न... "कुठपर्यंत आलास?" आपण गावाचं नाव सांगायचं, की ती फोन ठेवायची.

त्या शनिवारी विपुल धारहून बसनं निघाला होता.

"कुठपर्यंत आलास?"

"घाटाबिल्लोद येऊन राहिलंय आई. पोहोचून जाईन टाइम पे, तू टेन्शन मत ले."

त्यानंतर तिनं लावलेला फोन लागलाच नाही.

समोरून आलेला टँकर बसवर आदळला होता. विपुलला परत धारच्या दवाखान्यात नेलं, पण तो जागीच गेला होता. आईला दाखवावं असं काही उरलं नव्हतं. म्हणून बाबांनी आणि आजोबांनी धारलाच सगळं उरकलं. आई पोहोचली तेव्हा चिता विझत आली होती.

"माझ्या लेकराला घरी नाही आणलंत," एवढंच ती म्हणाली.

घरी आली ती फक्त पाटी. पोलिसांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

दहावा खलघाटला केला, नर्मदेवर. आमच्यात बायका दहाव्याला जात नाहीत. पण आईला अडवायची कुणाची छाती झाली नाही, आणि तिला सांभाळायला मीही गेले.

पिंड ठेवला. झाडावर कावळे होते...

पण एकही खाली येईना.

"वेदिकाचं लग्न नीट लावून देईन रे," बाबा म्हणाले. नाही. "तुझ्या आईला जपेन." नाही. ऊन डोक्यावर आलं. आजोबा दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात आईनं पदराखालून पाटी काढली. कधी सोबत घेतली होती, आम्हाला पत्ताच नव्हता.

"विपुल, तुझी ही पाटी मी बंद पडू देणार नाही."

पंखांचा आवाज झाला... आणि कावळा पिंडाला शिवला.

सगळ्यांना हायसं वाटलं. आजोबांना मात्र नाही.

"जयवंते, असा उघडा शब्द देऊ नये गं," ते म्हणाले. "वर्षश्राद्धापर्यंत म्हणावं, दिवाळीपर्यंत म्हणावं. मुदत सांगावी. तू मुदतच सांगितली नाहीस."

आई पाटीच पुसत बसली होती. तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे.

देवासला आल्यावर तिचं एकच काम झालं. पाटी चार्जिंगला लावायची, काढायची, परत लावायची. दुःख आहे, ओसरेल, असं वाटलं.

मग ती दुपार आली.

वीज गेली होती. त्या वर्षी ती येण्यापेक्षा जायचीच जास्त. कूलर थांबला, घर एकदम गप्प झालं. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी पलंगावर पडले होते. पाटी टेबलावर...

आणि तिच्यावरचा गोल फिरायला लागला.

मी उठून बसले.

कुणी हात लावला नव्हता. शोधायच्या चौकटीत एकेक अक्षर उमटत होतं. कुणीतरी चालता चालता लिहावं तसं, थांबत, थांबत...

'तिरला से देवास कितनी दूर'

इंग्रजी अक्षरं, हिंदी भाषा. विपुल असंच लिहायचा. मी आईला हाक मारली.

आई कणकेच्या हातानं येऊन उभी राहिली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. मला वाटलं, रडेल. ती घाबरून म्हणाली, "तिरला? अगं, ते तर धारच्याही पलीकडे! तो उलटा चाललाय वेदिका!"

मी पाटी घेऊन तडक संताजीकडे गेले. एबी रोडला त्याचं मोबाइलचं दुकान. त्यानं मागचं झाकण काढलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"ताई, यात सिमच नाहीये."

सिम पोलिसांनी काढून घेतलं होतं. मी ते विसरूनच गेले होते.

"मग नेट कसं चालून राहिलंय, भिया?" मी विचारलं.

संताजीनं झाकण लावलं. पाटी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आईनं माझ्याकडून इंग्रजी अक्षरं शिकून घेतली. कशी शिकली, देव जाणे. चष्मा लावून, घाम पुसत, पेनानं एकेक अक्षर काढायची. 'मागे फिर बाळा. धार. घाटाबिल्लोद. बेटमा. इंदूर. देवास.' मग गोलाकडे बघत बसायची. अगदी विपुल बसायचा तशी.

काही दिवसांनी आलं... 'नालछा से देवास'.

आईनं कपाळावर हात मारला. मांडूच्या रस्त्याला लागला होता तो. तिनं परत लिहिलं. परत, परत लिहिलं.

मग आलं, 'घाटाबिल्लोद'.

मग 'बेटमा'.

आईनं त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर खाल्लं. बाबा अंगणात जाऊन रडले. मला कळत नव्हतं कशाला घाबरू, पाटीला की आईच्या हसण्याला.

आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी वीज गेली ती दिवसभर आली नाही. पाटी बंद पडली. संध्याकाळी वीज आली, पाटी सुरू झाली, गोल फिरला...

'धार से देवास कितनी दूर'

पहिल्यापासून.

तेव्हा समजलं. पाटी बंद पडली की तो वाट विसरत होता. परत धारहून निघत होता.

त्यानंतर आई माणसांत राहिली नाही. वीज गेली की पाटी घेऊन धावत सुटायची. जनरेटरवाल्या शिंप्याकडे, संताजीकडे, उभ्या जीपच्या ड्रायव्हरकडे. "भैया, जरा चार्जिंगला लाव रे. माझा मुलगा रस्त्यात आहे." लोक आधी हळहळायचे, मग दार लावून घ्यायला लागले. तिचे पाय पोळले, अंगातला ब्लाउज सैल झाला. मी तिच्या पाया पडले, भांडले, तिच्यासमोर जेवण सोडून बसले. कशाचाही उपयोग झाला नाही. एक भाऊ गेला होता, आता आईही डोळ्यांसमोर चालली होती.

मी आजोबांना फोन केला. "दिलेला शब्द परत घेता येतो का?"

"ज्यानं दिला त्यानंच घ्यायचा, बाळ."

मी आईला तसं सांगितलं. ती माझ्याकडे परक्यासारखी बघत राहिली.

"तो इंदूरपर्यंत आलाय वेदिका. आत्ता सोडू त्याला?"

शेवटची दुपार मी विसरू शकत नाही. बाबा कारखान्यात. बाहेर लू सुटलेली, अंग भाजणारा वारा. आई पाटी मांडीवर घेऊन बसलेली. गोल फिरला...

'देवास बस स्टैंड से घर'

आईचा चेहरा असा उजळला, की मी क्षणभर सगळं विसरले. मलाही वाटलं, येतोय. खरंच येतोय आपला विपुल.

आणि कूलर थांबला.

वीज गेली. पाटीवरची बॅटरीची खूण लाल झाली होती.

"नाही, नाही, नाही..." आई उठलीच. "एवढ्या जवळ आलाय, आता नको रे देवा!" अनवाणीच पळाली. मी चपला शोधत राहिले, माझी चूक म्हणा की नशीब. बाहेर आले तर रस्ता मोकळा. संताजीच्या दुकानाच्या अलीकडे उसाच्या रसाची बंद गाडी होती. तिच्या सावलीत आई टेकून बसलेली दिसली. दमली असेल, असं वाटलं.

"आई, चल घरी."

ती गेलेली होती.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, हृदय थांबलं. असेल. पण तिच्या मुठीत पाटी होती, आणि पाटी चालू होती. सगळ्या कॉलनीत वीज नव्हती. पाटीची बॅटरी मात्र... पूर्ण भरलेली.

चौकटीत लिहिलं होतं, 'आई मिल गई'.

बाबांनी पाटी बंद केली आणि कपाटात टाकली. रडताना मला आत कुठेतरी वाटत होतं, संपलं एकदाचं. त्याला आई मिळाली, तिला तो मिळाला. आणखी काय हवं?

आईचा दहावा. परत खलघाट, या वेळीही मी सोबत.

पिंड ठेवला. झाडावर कावळे...

एकही हलेना.

बाबांनी काय काय कबूल केलं! वेदिकाला जपेन, गाय दान देईन, काशीला जाईन. शेवटी त्यांनी वाळूत गुडघे टेकले आणि कावळ्यांपुढे हात जोडले. "जयू, काय राहिलं गं? सांग ना, काय राहिलं?"

मला ठाऊक होतं काय राहिलं. मी ओठ दाबून उभी होते. सगळ्या बाजूंनी कावळे माझ्याकडे बघत होते... फक्त माझ्याकडे.

आजोबा शेजारी आले. हळूच म्हणाले, "बोलणार असशील तर मुदत सांगून बोल."

बाबा अजून वाळूतच हात जोडून होते. मला ते बघवेना.

"आई, पाटी मी चालू ठेवीन," मी म्हणाले. मग मुदत आठवली. हे पुढे माझ्या मुलाबाळांच्या गळ्यात पडू नये, म्हणून विचार करून बोलले. "माझ्या जिवात जीव आहे तोवर. त्यापुढे नाही."

कावळा आला.

मी आजोबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पाटी अजून चालू आहे. माझं लग्न झालं, बदली झाली, सासरच्यांना मी भावाची आठवण म्हणून सांगते. बॅटरी फुगली आहे. ती केव्हाच मरायला हवी होती, पण मरत नाही. इतकी वर्षं त्या चौकटीत एक अक्षर उमटलं नव्हतं. चार्जिंगला लावणं ही नुसती सवय झाली होती, तुळशीला पाणी घालावं तशी.

गेल्या आठवड्यात दुपारी मी घरी एकटी होते. वीज होती, पंखा चालू होता. मी कपडे घडी करत होते...

गोल फिरायला लागला.

अक्षरं इंग्रजीच होती. सावकाश, एकेक, चष्मा लावून काढल्यासारखी. पण भाषा हिंदी नव्हती. विपुलनं मराठी कधी लिहिलंच नाही.

'वेदिका, कुठपर्यंत आलीस?'

मी उत्तर दिलेलं नाही. पाटी बंद करायची हिंमत होत नाही. आता रोज दुपारी तोच प्रश्न येतो आणि गोल फिरत राहतो. मी घरात आहे, दार लावलेलं आहे, मी कुठेही निघालेली नाही, असं स्वतःला समजावते.

पण आईला मी ओळखते. घरात बसलेल्या माणसाला ती हा प्रश्न कधीच विचारत नसे. जो निघालाय त्यालाच विचारायची.