डावऱ्याच्या गिटारची खिडकी

तो दुकानात आला तेव्हा ती बोलू शकत नव्हती.

मुकी नव्हती ती. पण सकाळी दार उघडल्यापासून पहिल्या गिटारच्या सगळ्या तारा सुरात लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तिचा रोजचा नेम. कुणी घालून दिलेला नव्हता, तिनंच धरलेला. दिवसाचा पहिला सूर वरच्याच्या कानावर जावा, माणसांची बडबड मग आहेच, एवढीच त्यामागची श्रद्धा. बाबा तिच्या नेमाला कधी हसले नाहीत. तेवढा वेळ ते रंधाही हातात घेत नसत.

आणि नेमकी शेवटची तार राहिली असताना, खांद्यावर पाऊस घेऊन, एक उंच तरुण दार ढकलून आत आला.

"गिटार हवी होती," तो म्हणाला. "आतच पिकअप बसवलेली, स्पीकरला जोडता येईल अशी."

तिनं नकारार्थी मान हलवली.

"संपल्यात?"

पुन्हा नकार.

"म्हणजे... ठेवतच नाही?"

आता होकार.

"रागावलात का माझ्यावर? आत्ताच तर आलोय."

तिनं हातातल्या तारेकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या ओठांकडे. तो क्षणभर बघत राहिला आणि मग स्टूल ओढून चक्क बसलाच.

"अच्छा. तार लागली की बोलणार. मग तोवर मी बोलून घेतो. नंतर संधी मिळेल असं तुमच्या डोळ्यांवरून काही दिसत नाही."

तिनं हसू दाताखाली दाबलं आणि खुंटी नको तितकी पिळली. ती तार लागायला त्या दिवशी फार वेळ लागला.

"आम्ही लाकूड कापत नाही," हे तिचे पहिले शब्द.

"मग गिटारी कशाच्या करता? मातीच्या?"

"तयार झालेली गिटार कापत नाही म्हटलं. पिकअपची पेटी बसवायची तर कडेला खिडकी पाडावी लागते. ती पेटी चार-आठ वर्षांत बंद पडते, तिचे भाग मिळेनासे होतात. गिटारला मात्र पुढं जन्मभर ती खिडकी कुशीत घेऊन जगायचं."

"आणि कार्यक्रमात मागच्या रांगेतल्या माणसानं काय करायचं? जन्मभर नुसतं बघत बसायचं?"

कोपऱ्यात बाबा खोकले. तो खोकला होता की हसू, ते कळलं नाही.

तो उठला, भिंतीवरची एक गिटार उतरवून मांडीवर घेतली... उलटी. डाव्या हातानं तारा छेडू लागला.

"डावखुरे आहात?"

"जन्माचा. सवय झालीय उलटं वाजवायची."

ते तिच्या मनाला लागलं. एवढी छान बोटं, आणि आजवर एकही गिटार या माणसाच्या बाजूनं झालेली नाही. बाबांकडे न बघताच ती बोलून गेली, "मी करते तुमच्यासाठी एक. तुमच्या हाताची."

"पिकअपसकट?"

"पिकअपशिवाय."

"बघू," तो म्हणाला, "आधी कोण हरतं."

बाबांनी त्याचं नाव डावरा ठेवलं, आणि डावरा येतच राहिला. त्याच्या वाद्यवृंदाची तालीम संपली की वाट वाकडी करून यायचा. झड लागली की सरस वाळत नाही, काम बंद पडतं, तेव्हाही यायचा.

"आज काही बघण्यासारखं नाही हो," ती म्हणायची.

"तुमच्या बाजूनं नसेल," असं म्हणून तो स्टुलावर बसायचा.

आरशात बघून करावी तशी तिनं ती गिटार केली. घोडी उलट, तारांची ओळ उलट, फळीच्या पोटातल्या पट्ट्यासुद्धा उलट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीनं केलेली तिची ही पहिलीच गिटार. त्याच्या हातात दिली तेव्हा तो बराच वेळ वाजवत राहिला, आणि नेमाची वेळ केव्हाच टळून गेली असूनही तिला बोलता येईना.

मग ती त्याच्या कार्यक्रमाला गेली. मुद्दाम शेवटच्या रांगेत बसली.

आणि तिला काहीही ऐकू आलं नाही.

ड्रम होते, कीबोर्ड होता, बासऱ्या होत्या. समोरच्या माइकपुढे डावरा फोटोला बसवल्यासारखा ताठ बसला होता. जरा मागं सरला की गिटार नाहीशी व्हायची. जरा पुढं झुकला की माइक किंचाळायचा आणि लोक कानांवर हात ठेवायचे. दुकानात वाजवताना अख्खा डोलणारा माणूस, इथे त्याचे खांदेसुद्धा हलत नव्हते. वाद्यवृंदाच्या मास्तरांनी दोनदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं. ते बघणं तिला शेवटच्या रांगेतूनही दिसलं.

कार्यक्रम संपल्यावर तो बोळात भेटला. हसला नाही.

"परवा दौऱ्यावर निघतोय आम्ही. वर्षभर. मास्तर म्हणाले, उद्याच्या कार्यक्रमापासून प्लगची गिटार, नाहीतर दुसरा वादक. मागं कारखान्याची एक पडलीय, आवाजाची बटणं समोरच्या फळीवर असलेली. ती वाजवेन उलटी धरून."

"आणि ही?"

"ही घरी. कपाटावर."

लाकूड न कापता तारांखाली अडकवायचं चकतीचं पिकअप त्यानं आधीच लावून पाहिलं होतं. पण ते लावलं की गिटार पत्र्याच्या डब्यासारखी बोलायची.

"दुसरीकडे नेऊन पेटी बसवता आली असती," ती हळूच म्हणाली.

"आणलीय पेटी. महिनाभर पडून आहे. पण तुमच्या हातचं लाकूड परक्याच्या करवतीखाली..." तो थांबला. "नाही जमलं."

वर्षभर न वाजलेल्या गिटारचा सूर बसतो, हे तिला ठाऊक होतं. वर्षभर न भेटलेल्या माणसांचं काय होतं, ते तिला कुणाला विचारायचं नव्हतं.

"सकाळी घेऊन या," ती म्हणाली. "पेटीसुद्धा."

सकाळी बाबांनी टेबलावरची करवत पाहिली. बारीक पात्याची, नवीन पातं लावलेली.

"या दुकानात तयार गिटारला आजवर करवत लागलेली नाही."

"माहितीये, बाबा."

"कापलेलं लाकूड जोडता येतं. पण ते विसरत नाही."

"तेही माहितीये."

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मग कर. मी बघणार नाही." आणि ते आतल्या खोलीत गेले. त्यांनी दार लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

पेटीसोबत आलेला कागदी नमुना तिनं कडेवर चिकटवला. डावऱ्यानं गिटार घोंगडीत गुंडाळून दोन्ही गुडघ्यांत धरली. कडेचं लाकूड नाण्याएवढं पातळ. हात चुकला, गिटार हलली, तर चीर रेषेरेषेनं थेट बुडापर्यंत जाणार. तिनं मनातल्या मनात हात जोडले.

"श्वास धरा."

"कधीचा धरलाय."

करवत चालू लागली. तिचं कपाळ त्याच्या कपाळापासून वीतभर अंतरावर होतं. लाकडाचा गोड वास सुटला. भुसा उडून तिच्या पापणीवर बसला, आणि त्यानं हलकेच फुंकर मारली.

"हलू नका म्हटलं ना..."

"मी नाही हललो. फुंकर हलली."

ती थांबली, मनात वरच्याचं नाव घेतलं, पुन्हा सुरू केलं. एक कोपरा. दुसरा. तिसऱ्या कोपऱ्याला लाकूड करकरलं आणि दोघांचे डोळे मिटले. पण चीर नव्हती. चौकोनी तुकडा सुटून तिच्या तळहातात आला, तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला.

पेटी बसली. घोडीखाली तिची पट्टी सरकली. तारा चढल्या. त्यानं गिटार मांडीवर घेतली... आणि वाकून कडेखाली बघू लागला.

खिडकी हवी वाजवणाऱ्याच्या तोंडाकडच्या कडेला, म्हणजे वाजवता वाजवता आवाजाची बटणं दिसतात. ही खिडकी खाली होती. बटणं जमिनीकडे बघत होती.

नमुन्याच्या कागदावर बाकीच्या जगाची गिटार छापलेली होती, आणि तिनं तो जसाच्या तसा चिकटवला होता. कित्येक महिने सगळं उलट करत आलेला हात शेवटच्या कापाला जगाच्या बाजूनं गेला होता.

"तुझं लक्ष कुठे होतं?" तिचा आवाज फाटला. आपण त्याला 'तू' म्हटलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "डावखुरा तू. धरून बसला होतास तू. तुला तरी दिसायला हवं होतं."

"हवं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "पण मी लाकडाकडे बघतच नव्हतो."

"मग?"

तो मघापासून जिथं बघत होता, तिथंच बघत राहिला.

ती मान खाली घालून भुसा गोळा करू लागली. गोळा करण्याएवढा भुसा नव्हता.

"आणि तुझं?" त्यानं विचारलं. "तू तर लाकडाकडेच बघत होतीस."

"बघत होते," ती म्हणाली. "दिसत नव्हतं..."

बाहेर पागोळ्या पडत होत्या. आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि थांबला.

"ही बुजवते," ती घाईनं म्हणाली. "पलीकडच्या बाजूला दुसरी कापते."

"संध्याकाळपर्यंत होईल?"

"सरस वाळायलाच उद्या उजाडेल." तिचे डोळे भरून आले. "जा तू. ती कारखान्याचीच वाजव."

"नाही. हीच. मागच्या रांगेला काय करायचंय, खिडकी वर आहे की खाली?"

"हॉल माणसांनी भरला की आवाज बदलतो. मध्येच कमी-जास्त करावा लागतो. तुला बटणं दिसणारसुद्धा नाहीत."

"मग कुणीतरी शेजारी बसून फिरवायला हवीत."

"कोण बसणार?"

"जिनं चूक केली ती."

"चूक दोघांची आहे."

"म्हणून तर दोघांनी बसायचं."

संध्याकाळी ती त्याच्या शेजारी ठेंगण्या स्टुलावर बसली, गिटारच्या खाली हात घालून. पडदा उघडला. पहिल्या तुकड्यातच कडेची पेटी घुमू लागली. आधी नुसती गुणगुण, मग वाढत वाढत किंचाळीच्या तोंडाशी. मास्तरांची मान वळू लागली. तिच्या बोटांना बटण सापडेना. एक फिरवलं, घुमणं वाढलं. डावऱ्याचे खांदे ताठ झाले. तिनं डोळे मिटले, पेटीवरून अंगठा सरकवला, दुसरं बटण, जरासं मागं...

घुमणं विरलं. आणि ती गिटार, तिची, लख्ख, सगळ्या हॉलभर पसरली. ड्रमच्या वर, बासऱ्यांच्या मधून. डावरा मागं रेलला, मग पुढं झुकला. तो डोलत होता.

"वर्षभर थांबशील?" समोर बघतच त्यानं विचारलं, तिला एकटीलाच ऐकू येईल असं.

"नाही."

त्याचं बोट एका तारेवर अडखळलं.

"पहिल्या मुक्कामालाच येईन मी," ती म्हणाली. "तू हा असा वाजवणार... बटण कुणाच्या हाती सोपवू?"

पुढं तो काय वाजवत होता ते त्या दोघांनाही नंतर नीट आठवलं नाही. टाळ्या मात्र मागच्या रांगेतून सुरू झाल्या.

बोळात बाबा उभे होते. आल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी डावऱ्याच्या हातातून गिटार घेतली, उजेडाकडे नेली, चष्मा लावला आणि खिडकीच्या चारी कडांवरून अंगठा फिरवला. ती श्वास रोखून उभी राहिली. डावराही.

"काप स्वच्छ आहे," बाबा म्हणाले. मग, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल, "शेवटच्या रांगेत होतो. ऐकू आली."

त्यांनी गिटार परत दिली. दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"पुढची पेटी बसवाल तेव्हा खुणा मी करेन," ते म्हणाले. "तुम्हा दोघांचं लक्ष कामात नसतं."