मसणातून आणलेली ताडपत्री

सत्यम, ताडपत्री देतो बाबा, नाही कुठं म्हणतोय! नवी गाडी घेतलीस, आभाळ भरून आलंय, जीव खालीवर होणारच. पण लाईट येईपर्यंत बस इथं ओट्यावर. तुम्हीही बसा रे पोरांनो. गाडीवर काय टाकावं आणि काय टाकू नये, एवढं ऐकून मग जा.

वैजनाथ म्हणजे माझ्या साडूचा थोरला भाऊ. रेणापूरहून आत गेलं की त्याचं गाव. हे सगळं त्यानं माझ्यासमोर बसून स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि सांगता सांगता दोनदा उठून हात धुऊन आला होता.

गोष्ट गेल्याच्या आधल्या सालची. पाडव्याच्या आधली रात्र, म्हणजे अमावस्या. त्या दिवशी दुपारी वैजनाथ ताडपत्री आणायला रेणापूरला गेला होता. मोबाईलवर गारपिटीचा इशारा आलेला. हरभरा, ज्वारी सगळ्यांचीच उघड्यावर, त्यामुळं दुकानांतल्या ताडपत्र्या सकाळीच उडालेल्या. वैजनाथला मात्र हरभऱ्याची फिकीर नव्हती. त्याला गाडी झाकायची होती.

गाडी पांढरीशुभ्र, त्याच्या पोरीच्या, उज्वलाच्या, लग्नात जावयाला द्यायची म्हणून घेतलेली. नांदेडचे पाहुणे. ‘आम्हाला काही नको, तुमच्या खुशीनं काय द्यायचं ते द्या’ असं म्हणाले आणि खुशीचा रंगसुद्धा सांगून गेले. पाडव्याला टिळा आणि टिळ्याला चावी. गाडीला पोचा पडला तर सोयरीक मोडायची, असं वैजनाथच्या डोक्यात पक्कं बसलेलं. गल्ली अरुंद, गाडी दारापर्यंत येईना, म्हणून ती रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली उभी असायची. आधी तिला चंदेरी कव्हर आणलं. ते वाऱ्यानं फडफडून फडफडून फाटलं आणि आतल्या धुळीनं रंगावर ओरखडे उठले. मग चार बांबू रोवून वर हिरव्या जाळीचा मांडव घातला. सीटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. काचेला कुणाचं बोट लागलं तरी हा धोतर सावरत धावायचा. माणूस वाईट होता असं नाही, पण एकदा डोक्यात गाडी शिरली की माणसाला जागा उरत नाही.

घरात मागच्या खोलीत त्याची चुलती होती, केवळाबाई. विधवा, पोटी मूल नाही. वैजनाथची आई तो रांगत असतानाच गेली, तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालणारी, त्याचं हगणंमुतणं काढणारी हीच. तिला तो मोठमाय म्हणायचा. आता शुगरनं म्हातारीचा पाय सडला होता. दोन बोटं काढलेली, उरलेल्यांतून पिवळं पाणी गळायचं, माश्या हटता हटायच्या नाहीत. वैजनाथ नाकाला रुमाल लावून बाहेरूनच “बरी हायेस ना” असं विचारायचा आणि उत्तराआधी निघून जायचा. जखम धुणं, पट्टी बांधणं हे उज्वलाचं काम. जुन्या निळ्या लुगड्याच्या चिंध्या फाडून ती बांधायची आणि गाठ पायाच्या आतल्या अंगाला मारायची, म्हातारीला टेकताना टोचू नये म्हणून.

त्या साली शिवरात्रीच्या आधल्या रात्री, म्हणजे या पाडव्याच्या महिनाभर आधी, पहिल्या गारा आल्या. वैजनाथनं घरातल्या वाकळा गाडीवर टाकल्या आणि वर सोयाबीन झाकायची नवी काळी ताडपत्री आवळली. तरी बॉनेटचा कोपरा उघडाच राहिला. तेव्हा तो नाक दाबून मागच्या खोलीत आला आणि म्हातारीच्या अंगावरची वाकळ ओढून घेऊन गेला. तिच्यावर एक रिकामं पोतं टाकलं. पोरांनो, पायातल्या पुवाची किळस हात धुतला की जाते. त्या ओढून नेलेल्या वाकळेची किळस मला आजही येते.

मध्यरात्री म्हातारीला हुडहुडी भरली आणि ताप चढला. उज्वला धावत बाहेर ओसरीवर बापापाशी आली.

“दादा, आजीला आत्ताच्या आत्ता लातूरला न्यावं लागतंय. गाडी काढा.”

“गाडी? अन् ही घाण गाडीत? एकदा वास बसला की जन्मात जायचा न्हाई. पंढरीला फोन लाव, ऑटो घिऊन यील.”

पंढरीचा ऑटो ओढ्याच्या पाण्यात अडकलेला. तो म्हणाला, पाणी उतरलं की येतो.

केवळाबाईला सगळं ऐकू येत होतं. ती पोतं ओढत सरपटत ओसरीपर्यंत आली. जिथून जिथून आली तिथं फरशीवर ओला पट्टा उमटला होता.

“वैजू,” ती म्हणाली, “म्या सीटवर न्हाई बसत बाळा. खाली, पायापाशी, हे पोतं हातर अन् बसव. सीटला डाग न्हाई लागू द्यायची.”

वैजनाथ फरशीवरच्या त्या पट्ट्याकडं बघत राहिला. “आता यीलच ऑटो,” म्हणाला आणि गाडीवरच्या दोऱ्या आवळायला गेला.

ऑटो उजाडता उजाडता आला. म्हातारी त्याआधीच गेली होती, ओसरीवर, त्याच पोत्यावर.

पाऊस थांबेना. त्यांच्या मसणात शेड नाही. पाऊस असला की चौघेजण बांबूंच्या टोकांना ताडपत्री बांधतात आणि सरणाला नीट जाळ लागेपर्यंत वर धरतात. गावात नवी ताडपत्री एकट्या वैजनाथकडं. मनाची नाही तर जनाची म्हणून त्यानं ती दिली. ओली लाकडं, टायर, डिझेल. धूर वर जायचा, ताडपत्रीला थटायचा आणि तिथंच जमायचा. धरणाऱ्यांतल्या एकाला भडभडून ओकारी आली. घरातून निघताना उज्वलानं पायाला नवी पट्टी बांधली होती. ती पट्टी आणि ते पोतं, दोन्ही सरणावरच गेलं. सगळ्या गावानं जळताना पाहिलं. ताडपत्री बाभळीवर टाकून लोक परतले. मसणात गेलेली वस्तू घरी आणायची नसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तर आता पाडव्याच्या आधल्या संध्याकाळी हा गडी रेणापूरहून रिकाम्या हातानं येतोय. मसणाजवळ बाभळीवर काळं काहीतरी लोंबताना दिसलं. महिनाभर कुणी शिवलं नव्हतं. वैजनाथ थांबला. इकडंतिकडं पाहिलं. आपलीच तर आहे, असं मनाशी म्हणाला आणि ओढली.

हौदावर साबणाची पूड टाकून त्यानं ती ब्रशनं घासली. वरची बाजू निघाली. खालची निघेना. तिथं तपकिरी चिकट थर बसला होता, डब्याच्या बुडाशी खवट तूप बसतं तसा. नखांत गेला तो तिथंच राहिला. रात्री भाकरीचा घास तोंडाशी नेला तर बोटांना तोच वास. त्यानं ताट सरकवलं.

उज्वला अंगणात येऊन ताडपत्रीकडं बघत उभी राहिली.

“दादा, ही कुठून आणली?”

“धुतलीया चांगली.”

“मी इचारलं, कुठून आणली?”

“उद्या पाहुणे येणार हायती. गाडीला पोचा पडला तर वाटोळं तुझंच हुईल, माजं न्हाई.”

“माजं काय व्हायचं ते हू द्या. ती मागं टाकून या. पाया पडते तुमच्या.”

मांडवाच्या बांबूंना त्यानं ताडपत्री ताणून बांधली, चिकट बाजू खाली. चार बांबू, चार कोपरे, वर काळी ताडपत्री आणि खाली गाडी. मसणात होतं तसंच सगळं झालंय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. गाडीशेजारी बाज टाकली, चावी करदोड्याला बांधली आणि आडवा झाला.

गावातली लाईट गेली. वारा पडला. गार नाही, पाऊस नाही.

आधी माशी आली. अंधारात माशी फिरत नाही. ही फिरत होती. त्याच्या ओठावर बसली, हाकलली, पुन्हा बसली. मग आणखी एक. मग गुणगुण ऐकू यायला लागली. अंगाभोवती नाही... गाडीत. बंद काचांच्या आत.

वैजनाथ उठून बसला.

वरून एक थेंब पडला. खालच्या ओठावर. पाऊस तर नव्हता. त्यानं जीभ फिरवली, सवयीनं. खारट. तेलकट. आणि मग तो वास, मागच्या खोलीचा, नाकातून नाही, तोंडातून वर आला. बाजेवरून वाकून तो ओकला. जेवला नव्हता, तरी ओकत राहिला.

तोंड पुसून वर पाहिलं.

गाडीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या.

मग गाडी खाली बसली. थोडीशीच. मागच्या डाव्या अंगाला. कुणी हळूच, अंग सांभाळत टेकावं तशी. दार वाजलं नाही. प्लॅस्टिक चुरचुरलं नाही.

“कोण हाय?”

...

“कोण हाय तिथं?”

आतून कण्हणं आलं. बारीक. आई गं... आई गं... मागच्या खोलीतून रोज यायचं ते. त्याची सवय झालेली. घरात असताना त्यानं कधी कान दिला नव्हता. आता देत होता.

त्यानं चावी चाचपली. करदोड्यालाच होती. चारी दारं ओढून पाहिली. कुलूप. मोबाईलची बॅटरी लावून उजेड काचेतून आत टाकला. धुरकट होतं, पण दिसलं. सीटवरचं प्लॅस्टिक चकाकत होतं.

सीटवर कुणी नव्हतं.

मी त्याला विचारलं, “अन् खाली? पायापाशी पाहिलंस का?” वैजनाथ नख कोरत राहिला. मग म्हणाला, “न्हाई पाहिलं. मला ठावं व्हतं.” आणि हात धुवायला उठला.

कोंबडा आरवेपर्यंत तो बाजेच्या पायाला धरून खाली मातीत बसून होता. त्या रात्री गावावर एक गार पडली नाही.

सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या आणि नांदेडचे पाहुणे आले. वैजनाथनं रात्रीतून स्वतःला कसंबसं समजावलं होतं की पोटात पित्त झालं, भास झाला. काचा आता स्वच्छ होत्या. त्यानं गाडीला लिंबाचा डहाळा आणि हार बांधला, चावी व्याह्याच्या हातात दिली. उज्वलाचा होणारा सासरा मोठ्या ऐटीत पुढं झाला आणि त्यानं पुढचं दार उघडलं.

आधी माश्या बाहेर आल्या. एवढ्या, की तोंडासमोर हात धरावा लागला. मागोमाग वास. सासऱ्यानं उपरणं नाकाला लावलं, पण उशीर झाला होता. दारातच, नव्या धोतरावर, त्याचं सगळं उलटून पडलं. बायका पदर तोंडात धरून मागं सरल्या. कुणीतरी म्हणालं, आत काही मेलंय. नवरा मुलगा तर जवळही आला नाही. थोड्या वेळानं त्यांची गाडी सुरू झालेली ऐकू आली. खुशी तिथंच संपली आणि सोयरीकही.

वैजनाथ लिंबाला टेकून बसून राहिला. पाहुणे गेले म्हणून नाही. त्याला आता मागचं दार उघडावं लागणार होतं आणि हात उचलवत नव्हता.

उज्वलानं उघडलं. तिनं नाकाला पदर लावला नाही. ती वाकली.

“दादा... इकडं या.”

तो गेला.

खाली, पायापाशी, पोतं अंथरलं होतं. चारी कोपरे नीट केलेले. मधोमध ओला गोल डाग आणि त्यावर निळ्या लुगड्याची चिंधी, पिवळी, भिजलेली, अजून पायाच्या आकाराचीच. गाठ आतल्या अंगाला.

“ही... ही तर जळाली व्हती,” वैजनाथ म्हणाला. “समद्या गावादेखत.”

सीटवरच्या प्लॅस्टिकवरून उज्वलानं तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बापाच्या डोळ्यांसमोर धरला. तळहात कोरडा होता. सीटला एकही डाग नव्हता.